डोळ्यांना न दिसणारे कामकरी

"दुधाचं दही कोण करतं?" असं वर्गात विचारलं, की सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "आई!"

बरं, आई काय करते ते नीट आठवा. दूध तापवते, कोमट होऊ देते, त्यात चमचाभर विरजण घालते आणि पातेलं झाकून ठेवते. मग आई झोपते, तुम्हीही झोपता. सकाळी उठून पाहावं, तर पातेल्यात घट्ट दही तयार! म्हणजे रात्रभर जागून कुणीतरी काम केलंच असणार, नाही का?

ते काम करतात विरजणातले जिवाणू. डोळ्यांना दिसत नाहीत, इतके ते लहान असतात. दुधातली साखर खाऊन ते तिचं आम्ल तयार करतात. त्या आम्लामुळे दुधातली प्रथिनं गोठतात आणि दही लागतं. दूध आंबवण्याचं हे काम सजीवच करतात, हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५७ साली दाखवून दिलं. आपल्या आज्या-पणज्यांना जिवाणू हा शब्दही ठाऊक नव्हता, पण त्यांना कामाला लावणं मात्र पक्कं ठाऊक होतं!

सजीवांकडून, किंवा त्यांच्या शरीरातल्या घटकांकडून आपल्या उपयोगाचं काम करून घेण्याच्या शास्त्राला 'जैवतंत्रज्ञान' म्हणतात. इंग्रजीत बायोटेक्नॉलॉजी. हा शब्द कार्ल एरेकी या हंगेरीतल्या शेतीतज्ज्ञ इंजिनिअरनं १९१९ साली पहिल्यांदा वापरला. म्हणजे नाव जेमतेम शंभर वर्षांचं, पण काम हजारो वर्षांचं.

तुम्ही म्हणाल, एवढं सोपं आहे, तर शिकण्यासारखं त्यात काय? सांगतो. लोखंडाचा नांगर उन्हात ठेवला काय आणि सावलीत ठेवला काय, नांगर नांगरच राहतो. पण हे कामकरी जिवंत आहेत. त्यांना भूक लागते, ऊन लागतं, ते मरतात, वाढतात आणि पिढ्यान्‌पिढ्या बदलतातही. हे विसरलं, की काम फसतं आणि पैसे पाण्यात जातात. मुलांनो, आजच्या लेखातली एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा.

पेशीतली वही

पुढं जाण्याआधी एक छोटी ओळख करून घेऊ. प्रत्येक सजीवाच्या पेशीत 'डीएनए' नावाचा एक लांबलचक, पिळाच्या शिडीसारखा रेणू असतो. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी त्याची रचना सांगितली. रोझलिंड फ्रँकलिन या शास्त्रज्ञ बाईंनी क्ष-किरणांनी टिपलेल्या छायाचित्राचा त्यांना मोठा उपयोग झाला होता.

डीएनए म्हणजे जणू पाककृतींची वही. वहीतली एकेक पाककृती म्हणजे एकेक 'जनुक', म्हणजेच जीन. कोणतं प्रथिन कसं तयार करायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. १९७३ साली कोहेन आणि बॉयर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दुसऱ्या सजीवाचं जनुक जिवाणूच्या वहीत चिकटवून दाखवलं. गंमत म्हणजे, जिवाणूनं ते निमूटपणे वाचलं! तेव्हापासून जैवतंत्रज्ञानाचं रूपच पालटलं. आधी आपण सजीवाला येणारं काम करून घेत होतो, आता त्याला नवं काम शिकवताही येऊ लागलं.

या शास्त्राच्या शाखा ओळखायला लोकांनी त्यांना रंग दिले आहेत. चला, एकेक रंग पाहू.

पांढरा रंग: कारखान्यातले कामकरी

आमच्या मुरुमला विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना आहे. त्यामुळे उसाच्या गाड्या आणि गाळपाचा हंगाम इथल्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही. उसाच्या रसातून साखर काढून झाली, की काळा, चिकट पाक उरतो. तीच मळी. तिच्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही, पण गोडी मात्र शिल्लक असते. आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, या मळीवर 'यीस्ट' नावाची सूक्ष्म बुरशी सोडतात. पाव फुगवणारी ती हीच. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क तयार करते. त्यातलं पाणी काढून टाकलं, की इथेनॉल हाती येतं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आपल्या देशानं २०२५ साली गाठलं. म्हणजे रस्त्यानं धावणाऱ्या मोटारसायकलच्या टाकीतही यीस्टच्या मेहनतीचा वाटा आहे, बरं का!

पण इथंही यीस्टची मर्जी सांभाळावी लागते. टाकीतला मद्यार्क प्रमाणाबाहेर वाढला, की यीस्ट त्यातच मरते आणि काम थांबतं.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली एका बुरशीत पेनिसिलिन सापडलं. त्या बुरशीला मोठमोठ्या टाक्यांत वाढवून औषध काढायचं काम आपल्याकडे पुण्याजवळच्या पिंपरीत सुरू झालं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. आणि कपडे धुण्याच्या पावडरीतसुद्धा जिवाणूंकडून करून घेतलेली विकरं, म्हणजे एन्झाइम्स असतात. ती तेला-तुपाचे, घामाचे डाग तोडतात. उकळत्या पाण्यात मात्र ती निकामी होतात!

लाल रंग: दवाखान्यातले कामकरी

मधुमेह झालेल्या काही जणांना रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. पूर्वी हे इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. थोड्याशा औषधासाठी हजारो जनावरांचे अवयव लागत, आणि काही रुग्णांना ते सोसतही नसे. १९७८ साली शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्सुलिनची 'पाककृती' ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घातली. तो जिवाणू चक्क माणसाचं इन्सुलिन तयार करू लागला! १९८२ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. तेव्हापासून जगभर असंच इन्सुलिन वापरात आलं.

तुमच्या घरी नवं बाळ जन्मलं, तर त्याला पहिल्या २४ तासांत कावीळ 'ब'ची लस देतात. ती कशी तयार होते? विषाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या एका प्रथिनाचं जनुक यीस्टमध्ये घालतात. यीस्ट फक्त ते प्रथिन बनवते, अख्खा विषाणू नव्हे. त्यामुळे लशीतून रोग होण्याची भीतीच नाही, पण शरीर मात्र शत्रूचा चेहरा ओळखायला शिकतं.

लशींच्या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास मोठा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगनं थैमान घातलं. तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानं तिथं येऊन लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. केवढं हे धाडस! त्यांची परळची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. पुढं १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. १६ जानेवारी २०२१ ला देशात कोरोनाचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा तिथं बनलेली कोव्हिशील्ड लाखो दंडांवर टोचली गेली. तिच्यात चिंपांझीच्या सर्दीचा एक निरुपद्रवी केलेला विषाणू वापरला होता. कोरोनाच्या काट्याचं जनुक आपल्या पेशींपर्यंत पोचवणारा तो जणू पोस्टमन!

बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. म्हणूनच आरोग्यसेविका ताई निळ्या पेटीत बर्फाच्या पिशव्या घालून लस घेऊन येतात.

हिरवा रंग: शेतातले कामकरी

आता आपल्या शिवारात या. तुरीचं किंवा सोयाबीनचं रोप खुरप्यानं हळूच उकरलंत, तर मुळांवर बारीक मण्यांसारख्या गाठी दिसतील. त्यांत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. गाठीतले जिवाणू तो पकडून झाडाला उपयोगी रूपात देतात, आणि झाड त्यांना साखर देतं. युरियाचा एक छोटा कारखानाच म्हणा ना, तोही बिनधुराचा!

कृषी सेवा केंद्रात या जिवाणूंचं पाकीट मिळतं. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, असं साधारण प्रमाण असतं. गुळाच्या थंड पाण्यात कालवून ते बियाण्याला चोळतात. तुरीच्या मर रोगाविरुद्ध ट्रायकोडर्मा नावाची मित्र-बुरशीही अशीच लावतात. मर रोगही एका बुरशीमुळेच होतो. ट्रायकोडर्मा तिच्यावर चाल करून जाते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं 'बायोमिक्स' हे अशाच उपयोगी सूक्ष्मजीवांचं मिश्रण मराठवाड्यातले कितीतरी शेतकरी वापरतात.

"आम्ही लावलं होतं की, पण काही फरक पडला नाही," असंही शेतकऱ्यांकडून कधीकधी ऐकू येतं. मग विचारावं, पाकीट कुठं ठेवलं होतं? पत्र्याच्या शेडमध्ये? मोटारसायकलच्या डिक्कीत, भर उन्हात? त्यावरची अंतिम तारीख पाहिली होती का? सोयाबीनचं पाकीट तुरीला तर नाही ना लावलं? रायझोबियमच्या जाती पिकानुसार वेगळ्या असतात. रासायनिक बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू नंतर, आणि बियाणं सुकवायचं सावलीत. पाकिटात जिवंत जीव आहेत हे ज्याला कळलं, त्याला यातला एकही नियम पाठ करावा लागत नाही.

हिरव्या शाखेची दुसरी करामत म्हणजे ऊतिसंवर्धन, म्हणजेच टिश्यू कल्चर. झाडाच्या कोंबाचा इवलासा तुकडा घेऊन, काचेच्या बाटलीत जेलीसारख्या अन्नावर वाढवून त्यापासून हजारो सारखी रोपं करतात. जळगावला जैन इरिगेशनच्या प्रयोगशाळेत केळीची रोपं अशी तयार होतात. सगळी रोपं एकाच वयाची आणि एकाच गुणाची असल्यानं बाग जवळजवळ एकदम कापणीला येते. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाचं निरोगी बेणं करण्यासाठी हेच तंत्र वापरतात. आणि बांबूची गोष्ट तर ऐकाच! बांबूच्या कित्येक जातींना कित्येक वर्षांनी, काहींना तर शंभराहून जास्त वर्षांनी एकदाच फुलं येतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या रजनी नाडगौडा, परशरामी आणि मस्करेन्हास या शास्त्रज्ञांनी बांबूच्या कोवळ्या रोपांना काचेच्या बाटलीतच फुलं आणली. १९९० साली 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञान-नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला.

गोठ्यातही हे शास्त्र पोचलं आहे. उत्तम वळूचं वीर्य उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात आणि कृत्रिम रेतनासाठी गावोगाव नेतात. मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला १९६७ साली स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेनं हे काम हजारो गोठ्यांपर्यंत नेलं. शेजारच्या लातूर जिल्ह्यातली आपली देवणी गाय जपायलाही या तंत्राचा उपयोग होतो.

अळी शहाणी झाली!

मुरुम-उमरग्याकडे कापूस फारसा दिसत नाही, पण कापसाची ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याच्या पोरानं वाचायला हवी.

मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस, थोडक्यात 'बीटी' नावाचा एक जिवाणू असतो. त्याचं एक प्रथिन बोंडअळीच्या पोटात गेलं, की तिच्या आतड्याला भोकं पडतात आणि ती मरते. त्या प्रथिनाचं जनुक कापसात घातलं आणि बीटी कापूस तयार झाला. पानं-बोंडं खाल्ली, की अळी खलास! बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात सुरू केलेल्या महिको कंपनीनं अमेरिकेतल्या मोन्सॅन्टोबरोबर हे बियाणं आणलं, आणि मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीनं त्याला परवानगी दिली. पहिली काही वर्षं बोंडअळीवरच्या फवारण्या खूप कमी झाल्या. शेतकरी खूश झाले.

पण अळीही जिवंतच होती ना! समजा, लाखभर अळ्यांत एखाद-दुसरीच अशी आहे, की जिच्यावर बीटीचा परिणाम होत नाही. बाकी सगळ्या मेल्या, ही उरली. हिच्यासारख्याच दुसरीशी तिची जोडी जमली, की पुढची सगळी पिल्लं तशीच चिवट! हे होऊ नये म्हणून शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली होती. बीटीच्या पाकिटाबरोबर साध्या कापसाचं एक छोटं पाकीट मिळे. शेताच्या कडेनं ते पेरायचं होतं. त्या साध्या कापसावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांची चिवट पतंगांशी जोडी जमावी आणि चिवटपणा पसरू नये, हा त्यामागचा हेतू. या कडेच्या पिकाला 'आश्रय पीक' म्हणतात. पण कित्येकांनी ते पाकीट पेरलंच नाही. "अळ्यांसाठी कशाला रान अडवायचं?" असं त्यांना वाटलं. त्यांना हे नीट समजावून सांगणारं तरी कोण होतं?

व्हायचं तेच झालं. गुलाबी बोंडअळी, जिला शेंदरी बोंडअळीही म्हणतात, बीटीला दाद देईनाशी झाली. आधी गुजरातेत हे दिसलं, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिनं कापसाचं अतोनात नुकसान केलं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणून आता कामगंध सापळे लावा, हंगाम संपताच पऱ्हाट्या शेतात ठेवू नका, फरदड घेऊ नका, असं कृषी विभागाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

मग बीटी वाईट होतं का? नाही. जिवंत शत्रूशी गाठ आहे, हे विसरणं वाईट होतं. खाण्याच्या पिकांत असा बदल करावा की नाही, यावर तर अजून वाद चालू आहेत. बीटी वांग्यासाठी २०१० साली केंद्र सरकारनं देशभर जनसुनावण्या घेतल्या. त्यातली एक नागपुरातही झाली. शेवटी त्या वांग्याला स्थगिती मिळाली.

पालकांसाठी इथं एक गोष्ट सांगतो. बोंडअळीचं जे झालं, तेच आपल्या शरीरातल्या रोगजंतूंचंही होतं. सर्दीवर मनानंच अँटिबायोटिक घेतली, किंवा बरं वाटताच डॉक्टरांना न विचारता गोळ्या सोडल्या, तर चिवट जंतूंचं फावतं. मग गरजेच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. साधी सर्दी विषाणूमुळे होते, आणि अँटिबायोटिक विषाणूंना मारतच नाहीत.

निळा आणि करडा: पाण्यातले आणि कचऱ्यातले कामकरी

पाण्यातल्या सजीवांची शाखा ती निळी. अमेरिकेत यलोस्टोन इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना १९६० च्या दशकात एक जिवाणू सापडला. कढत पाण्यात सुखानं राहणाऱ्या या जिवाणूचा उपयोग काय, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण त्याचं उष्णता सोसणारं विकर पुढं 'पीसीआर' या तपासणीत कामी आलं. डीएनएच्या इवल्याशा तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढणारं हे तंत्र कॅरी मुलिस यांनी १९८३ साली शोधलं. कोरोनाच्या काळात 'आरटीपीसीआर' हा शब्द पारावरच्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी होता. ते तंत्र हेच!

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं खारट सरोवर आहे. जून २०२० मध्ये त्याचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे 'हॅलोआर्किया' नावाचे सूक्ष्मजीव हे त्याचं कारण निघालं. यलोस्टोनच्या झऱ्यासारखं, लोणारच्या पाण्यातही कोणतं उपयोगी विकर दडलं असेल, कोण जाणे!

करडा रंग स्वच्छतेचा. गोबरगॅसच्या टाकीत हवेविना जगणारे जिवाणू शेण पचवतात आणि मिथेन वायू देतात. त्यावर चूल पेटते, आणि उरलेली मळी शेतात खत म्हणून जाते. (कारखान्याच्या मळीशी हिचं फक्त नावच सारखं!) पुण्याच्या 'आरती' संस्थेनं डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली शिळं अन्न आणि खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं. त्याला २००६ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. पण या टाकीत फिनेल ओतलं, तर काय होईल? बरोबर! कामकरी मरतील आणि चूल विझेल.

तुम्हीही करून पाहा

१. तीन वाट्यांत सारखं दूध घ्या. एकात कोमट दूध, दुसऱ्यात फ्रिजमधलं गार दूध. तिसऱ्यातलं चांगलं कढत दूध मोठ्या माणसाकडूनच ओतून घ्या. तिन्हींत सारखं विरजण घाला. गार वाटी पुन्हा फ्रिजमध्ये, बाकीच्या दोन ओट्यावर ठेवा. सकाळी काय दिसतं आणि का, ते वहीत लिहा.

२. पेरणीनंतर साधारण सहा आठवड्यांनी, घरच्यांना विचारून, सोयाबीनची दोन-तीन रोपं उपटू नका, मुळांसकट उकरा. मुळं धुऊन गाठी मोजा. एक गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी असेल, तर जिवाणू कामावर हजर आहेत. पांढरट किंवा हिरवट असेल, तर त्या गाठीत काम चालू नाही. जिवाणू लावलेल्या आणि न लावलेल्या रानातली रोपं शेजारी ठेवून पाहिलीत, तर उत्तमच.

ज्यांना यात गोडी वाटेल, त्यांनी दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यावी आणि जीवशास्त्र सोडू नये. शिकायला फार लांबही जावं लागत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं जैवतंत्रज्ञान महाविद्यालय शेजारच्या लातुरातच आहे.

आणि पुढच्या पेरणीला घरात जिवाणूंचं पाकीट आलं, की त्यावरची अंतिम तारीख मोठ्यानं वाचून दाखवा आणि ते सावलीत ठेवायचं काम तुम्ही तुमच्याकडे घ्या.